शाळेची जागा आणि गावाचा शब्द

महाराष्ट्रातील गावोगावच्या प्राथमिक शाळा कोणत्या जागेवर, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या संमतीने उभ्या राहिल्या, या प्रश्नाकडे शिक्षणाच्या इतिहासलेखनात अभ्यासक्रम, भाषा आणि साक्षरता यांच्या तुलनेने कमी लक्ष गेलेले आहे. जुनी शाळा पाडून नवी बांधायचे ठरते तेव्हा गावात जी मते पुढे येतात, म्हणजे जागा हीच ठेवावी की गावाबाहेर न्यावी, दगडी भिंती दुरुस्त होतील की नाही, मैदान किती उरेल, बांधकाम चालू असताना मुले कुठे बसतील, ती मते एका बैठकीत जन्मलेली नसतात. त्यांच्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा एक व्यवहार आहे. त्या व्यवहारात गावाने जागा दिली, वर्गणी दिली, कर दिला आणि अंगमेहनत दिली. आराखडा मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे ठरला. शिवाय गावाचे मत म्हणून कागदावर जे उतरले, त्यात गावातल्या सर्वांचे मत फार उशिरापर्यंत नव्हते, आणि शाळेच्या इमारतीचा इतिहास वाचताना ही दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची धरावी लागते.

पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या आरंभी शाळेला स्वतःची अशी इमारत नव्हती. पंतोजी, म्हणजे गावात राहून मुलांना अक्षरओळख, मोडी वाचन आणि आकडेमोड शिकवणारा शिक्षक, आपल्या घराच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्यात मुले बसवी आणि त्याचा मोबदला पालकांकडून थोडा रोख, थोडा धान्याच्या व सणावारच्या शिध्याच्या रूपाने मिळे. धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवणाऱ्या या शाळांची मोजदाद मुंबई सरकारने १८२० नंतरच्या दशकात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करवून घेतली. ते कागद रा. वि. परुळेकर यांनी पुढे संपादित करून प्रसिद्ध केले, म्हणून त्या काळाचे चित्र आज बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील नोंदलेल्या शाळांची संख्या १,७०५ अशी दिली जाते. त्यांतल्या मोजक्या शाळा सोडल्या तर बाकी सर्व देशी पद्धतीच्या होत्या, आणि खास शाळेसाठी बांधलेले घर ही त्या शाळांच्या बाबतीत जवळजवळ अज्ञात गोष्ट होती.

या परिस्थितीचा एक परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. शाळा ज्याच्या ओसरीवर भरे, त्या घराचा सोवळेपणाचा नियम शाळेलाही लागू होई, आणि ती देवळात भरे तेव्हा देवळाचा नियम लागू होई. मुलाला प्रवेश मिळेल की नाही हे पंतोजीच्या इच्छेइतकेच छपराच्या मालकीवर अवलंबून होते. महार, मांग, चांभार आणि इतर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी ही शाळा नव्हती, आणि मुलींसाठीही ती क्वचितच होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. ती जागाही एका गृहस्थाने दिलेलीच होती; फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की देणाऱ्याने आपल्या छपराखाली समाजाचा नियम चालू दिला नाही.

शाळेसाठी घर ही गावाची जबाबदारी आहे, ही कल्पना सरकारी व्यवहारात ठळकपणे आली ती १८५० नंतर. मुंबईच्या शिक्षण मंडळाने या काळात अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत सुरू केली. तिचा अर्थ असा, की शाळा मागणाऱ्या गावाने शिक्षकाच्या पगाराचा अर्धा भाग उचलावा आणि शाळेसाठी जागेची सोय करावी, मग उरलेला खर्च सरकार देईल. कागदावर ही पद्धत गावाला मान देणारी होती, कारण तीत शाळेची सुरुवात गावाच्या अर्जाने होई. प्रत्यक्षात अर्ज करण्याची, वर्गणीची हमी घेण्याची आणि रिकामी ओसरी देण्याची ऐपत ज्या घरांत होती, त्या घरांचाच शब्द गावाचा शब्द ठरला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, ही घटना याच काळातली आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि हा अर्ज सरकारदरबारी वरपर्यंत गेला. एका मुलासाठी शाळा रिकामी पडू देता येणार नाही, अशा स्वरूपाची भूमिका मुंबई सरकारने त्या वेळी घेतली. पुढे १८५८ मध्ये, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, असे तत्त्व मान्य झाले. पण ज्या शाळांच्या खर्चात लोकांचा वाटा होता, तेथे वर्गणी देणाऱ्यांच्या भावनेचा विचार करण्याची मुभा उरली. वर्गणी आणि बहिष्कार यांची ही गाठ इमारतीच्या इतिहासात दीर्घकाळ टिकली, आणि लोकसहभाग हा शब्द आज ज्या निःशंक आदराने उच्चारला जातो त्या आदराला तिची आठवण असणे आवश्यक आहे.

स्वेच्छेच्या वर्गणीतून शाळा पसरत नाहीत, हे सरकारच्या लक्षात लवकरच आले. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली आणि १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने तिला कायद्याचे रूप मिळाले. या पट्टीतून जमा होणाऱ्या पैशाला लोकल फंड म्हणत. त्याचा एक भाग शाळांसाठी आणि उरलेला मोठा भाग रस्ते व इतर स्थानिक कामांसाठी राखला जाई. या बदलाने शाळेच्या इमारतीचे आर्थिक मूळ बदलले. यापूर्वी चार सधन घरे शाळेसाठी देत होती, आता जमीन कसणारा प्रत्येक शेतकरी तिच्यासाठी देऊ लागला, मग त्याच्या गावात शाळा असो वा नसो. त्याच्या देण्याला मात्र सांगण्याचा हक्क जोडलेला नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी वसूल होते, पण ती ज्या कामासाठी घेतली त्या कामावर खर्च होत नाही, आणि इलाख्यातील जवळजवळ नऊ दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची कोणतीच सोय नाही, असे त्यांनी मांडले. महार-मांगांची मुले जातीच्या पूर्वग्रहामुळे शाळांतून प्रत्यक्षात वगळलेली आहेत, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. कर देणाऱ्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आणि वगळलेल्याचा प्रवेशाचा अधिकार हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडणारे ते बहुधा पहिले मराठी विचारवंत होत. पुढच्या काळात हे दोन प्रश्न वेगळे पडले आणि गावकीच्या चर्चेत बहुतेक वेळा पहिलाच ऐकू आला.

लोकल फंडाच्या काळात आणि पुढे १८८४ च्या कायद्याने आलेल्या लोकल बोर्डांच्या काळात मराठी शाळेची ओळखीची इमारत आकाराला आली. उंच दगडी जोते, जाड भिंती, सागवानी कैच्यांवर पेललेले उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि एकच लांब खोली, ज्यात एक किंवा दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळत, असे तिचे सामान्य रूप होते. मंगळुरी कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळू लागल्यावर त्यांचा वापर वाढला, कारण नळीच्या कौलांप्रमाणे ती दर पावसाळ्यापूर्वी शाकारावी लागत नसत. सर्वच गावांना अशी इमारत मिळाली असे मात्र मुळीच नाही. बहुसंख्य शाळा चावडीत, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांच्या सरकारी कामाच्या जागेत, धर्मशाळेत, देवळात किंवा भाड्याच्या घरात भरत राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही हे चित्र पूर्णपणे बदललेले नव्हते.

म्हणूनच स्वतंत्र इमारतीचा आग्रह हा अस्पृश्य मुलांच्या दृष्टीने सोयीचा नव्हे, प्रवेशाचा प्रश्न होता. देवळात भरणाऱ्या शाळेत ज्याला देवळात पाऊल टाकता येत नाही त्या मुलाने बाहेर बसून ऐकायचे, अशी स्थिती होती. आणि सरकारी इमारतीतही, बाबासाहेब आंबेडकरांच्या साताऱ्यातील शालेय अनुभवातून दिसते त्याप्रमाणे, वेगळे गोणपाट हेच त्याचे आसन होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलुखात सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करणारा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांबरोबर सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळाही त्यात होत्या. याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मात्र शाळांचा कारभार मोठ्या प्रमाणावर स्थानिक संस्थांकडे सोपवला. म्हणजे प्रवेश खुला करणारा ठराव आणि कारभार गावाच्या पुढाऱ्यांकडे देणारा कायदा एकाच वेळी आले, आणि त्यांच्यातला ताण गावोगाव शाळेच्या उंबरठ्यावर प्रकट झाला. १९२८ मध्ये नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीने, जिचे आंबेडकर एक सदस्य होते, अस्पृश्य व आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी केली. त्या अहवालातून शाळेतील वेगळेपणाचा प्रश्न सरकारी कागदांत ठळकपणे नोंदला गेला. शाळा महारवाड्याजवळ बांधली तर सवर्ण मुले पाठवणार नाहीत आणि गावठाणात, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या जागेत, बांधली तर महारवाड्यातील मुले वाटेतच अडतील, ही अडचण कोणत्याही नकाशावर दिसत नाही. पण जागेच्या निवडीत तिचे वजन सर्वांत अधिक होते. आजही गावाबाहेरची शाळा गावात की गावातली शाळा गावाबाहेर, या वादाकडे केवळ अंतराचा वाद म्हणून पाहणाऱ्याला हा पूर्वेतिहास ठाऊक असावा.

स्वातंत्र्यानंतर हा व्यवहार नव्या रूपात पुढे चालला. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जिल्हा शाळा मंडळांच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा जिल्हा परिषदेची, जागा बहुधा गावाची, असा दुहेरी हक्क तेव्हापासून रूढ झाला. एखाद्या शेतकऱ्याने बक्षीसपत्राने दिलेली गुंठ्या-दोन गुंठ्यांची जमीन, गायरानातून, म्हणजे गावच्या सामाईक चराऊ जमिनीतून, काढून दिलेला तुकडा, लोकवर्गणीतून आलेली कौले आणि श्रमदानातून झालेली पायाखोदाई, या सर्वांची स्मृती गावात जिवंत राहिली, जरी त्यांची नोंद सातबाऱ्यावर नेहमीच झाली नाही. पुढे इमारत पाडण्याची वेळ येते तेव्हा जमीन देणाऱ्याचे वारस हक्क सांगतात किंवा जागा दुसऱ्या कामाला वापरू नये असा आग्रह धरतात. त्याला अनेकदा अडथळा म्हटले जाते. पण ज्या दानाची रीतसर नोंद करण्याचे काम प्रशासनाने पन्नास वर्षे टाळले, त्याची जबाबदारी दात्याच्या नातवावर टाकणे न्याय्य नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली, म्हणजे परिसरातील सर्व थरांची मुले एकाच जवळच्या शाळेत शिकतील अशी व्यवस्था. ती कल्पना धोरणात उरली आणि प्रत्यक्षात विरळ होत गेली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून निघालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे उद्दिष्ट ठेवले. कौलारू शाळेशेजारी सिमेंटच्या सपाट छताच्या खोल्या दिसू लागल्या त्यामागे या मोहिमेचा मोठा वाटा आहे.

पुनर्बांधणीच्या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत वेदनादायक प्रकरण मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घडले. किल्लारीचा भूकंप तीव्रतेने जगातल्या मोठ्या भूकंपांत गणला जात नाही, तरी सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. याचे मुख्य कारण घरांच्या रचनेत होते. काळ्या मातीच्या चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांचे, मातीच्या जड थराचे माळवद, म्हणजे सपाट छत, अशी ती घरे होती. भिंती फाकल्या आणि छत खाली आले. ही घटना दिवसा घडली असती तर शाळांतही तेच झाले असते, या जाणिवेने नंतरच्या सर्व चर्चेवर आपली छाया टाकली. दगडी शाळेबद्दलचा मराठवाड्यातील अविश्वास हा आधुनिकतेचा हव्यास नसून या रात्रीचा अनुभव आहे, हे पश्चिम महाराष्ट्रातील दगडी इमारत वाचवा म्हणणाऱ्या वारसाप्रेमींनी लक्षात घ्यावे. त्याचवेळी अभियंत्यांनी दाखवून दिले, की दोष दगडात नव्हता, सांध्यात होता: दोन पदर एकमेकांत गुंफणारे लांब दगड, भिंतीभोवतीचा सलग पट्टा आणि हलके छत असते तर त्याच दगडाची इमारत टिकू शकली असती.

पुनर्वसन कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची ठरली आणि त्या त्या आकाराची घरे बहुधा एकत्र आखली गेली, त्यामुळे नव्या गावात मोठ्या जमीनदाराची आळी आणि भूमिहीनाची आळी जुन्या गावापेक्षाही वेगळी पडली. रुंद सरळ रस्ते, शेतापासूनचे वाढलेले अंतर आणि सार्वजनिक इमारतींसाठी राखलेले भूखंड यांत शाळेची जागा आखणीतच ठरून आली. ज्यांनी आप्त गमावले त्यांना ढिगाऱ्यावर पुन्हा राहणे नको होते, तर विहिरी, देवळे आणि शेते मागे सोडण्यास तितकेच लोक नाखूश होते. एकाच घरात ही दोन्ही मते असत. लोकांचे म्हणणे ऐकण्याची खरी सोय जागच्या जागी दुरुस्ती करायच्या गावांत झाली. तेथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मध्यस्थीने महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले, आणि घरमालक व अभियंते यांच्यात त्यांनी दुवा साधला. बांधकामाविषयी स्त्रियांना विचारावे हीच तेव्हा नवी गोष्ट होती, आणि मुलाला सकाळी शाळेच्या वाटेवर सोडणाऱ्या त्याच असल्याने ती फार आधी व्हायला हवी होती.

पुढच्या दशकात सर्व शिक्षा अभियानाने बांधकाम ठेकेदाराऐवजी ग्राम शिक्षण समितीमार्फत करण्याचा नियम केला, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान देण्याची तरतूद आहे. दीड शतकाच्या इतिहासाकडे पाहता ही तरतूद फार मोठी आहे: ज्यांच्या मुलांना पडवीत बसवले गेले त्यांना शाळेच्या आराखड्यावर बोलण्याचा हक्क येथे प्रथमच कायद्याने मिळाला. पण जुनी इमारत पाडायची तर निर्लेखन करावे लागते, म्हणजे बांधकाम विभागाने ती धोकादायक ठरवून मालमत्तेच्या नोंदीतून वगळावी लागते; आणि हा निर्णय, नव्या खोल्यांची मंजुरी आणि निधी यांची वेळापत्रके एकमेकांशी जुळत नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेचा भाग कोसळून तीन मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा निर्लेखनाची दिरंगाई किती महाग पडते हे सर्वांना कळले. उलट दिशेची भीतीही खरी आहे. खोल्या पाडल्या जातात, मुले समाजमंदिरात किंवा देवळाच्या मंडपात बसतात, पट कमी होतो, आणि मग कमी पट हेच शाळा बंद करण्याचे कारण होते. आधी नवी खोली दाखवा मग जुनी पाडा, असे पालक म्हणतात तेव्हा ते या अनुभवातून बोलत असतात आणि त्यांचे म्हणणे प्रशासकीय सोयीपेक्षा वरचढ मानले पाहिजे.

शहरांत शेजाऱ्यांचे हितसंबंध अधिक गुंतागुंतीचे असतात. भिडे वाड्याच्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचा पुणे महानगरपालिकेचा प्रयत्न तेथील भाडेकरू आणि दुकानदारांच्या दाव्यांमुळे अनेक वर्षे न्यायालयात अडकला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला. ज्यांची उपजीविका त्या तळमजल्यावर होती त्यांचे म्हणणे क्षुल्लक नव्हते, तरीही देशाच्या स्त्रीशिक्षणातील एवढे महत्त्वाचे स्थान उभे असतानाच जतन होऊ शकले नाही, हे दुःखदच आहे.

पुनर्बांधणीच्या चर्चेत एक बाब मात्र क्वचितच येते, आणि ती शाळेच्या कपाटातील कागदांची. जुन्या शाळांतील दाखल-खारीज नोंदवह्या, म्हणजे मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख लिहिलेली जनरल रजिस्टरे, काही ठिकाणी मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा याच वह्या राज्यभर उघडल्या गेल्या, आणि ज्या गावांत त्या गळक्या छताखाली भिजून गेल्या होत्या किंवा इमारत पाडताना हरवल्या होत्या, तेथील कुटुंबांच्या हाती काही उरले नाही. त्या वह्यांत कोणत्या वर्षी महारवाड्यातला पहिला मुलगा आणि कोणत्या वर्षी गावातली पहिली मुलगी दाखल झाली, हेही लिहिलेले असते. निर्लेखनाच्या प्रस्तावाला जसा इमारतीचा पाहणी अहवाल जोडला जातो, तसाच नोंदवह्यांची यादी, त्यांचे छायाचित्रण आणि त्या कोठे हलवल्या याचा शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्यांचा पंचनामा जोडणे सक्तीचे करावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, आणि छप्पर उतरवण्याआधीचा एक दिवस पुरेसा असतो.